पॉडकास्ट

इंटरनेटवरून क्रमशः प्रसृत होणारा आणि श्रोत्याने एकदा नोंदणी केल्यावर त्याच्या संगणकावर अथवा भ्रमणध्वनीवर आपोआप येऊन पोहोचणारा ध्वनिमुद्रित कार्यक्रम. व्याख्यान, मुलाखत, वृत्तविश्लेषण, कथाकथन, श्रुतिका असे कोणतेही श्राव्य साहित्य या स्वरूपात देता येते. नभोवाणीचा कार्यक्रम ठराविक वेळी प्रक्षेपित होतो व ती वेळ चुकल्यास श्रोत्याला तो मिळत नाही. उलट पॉडकास्टचा प्रत्येक भाग श्रोत्याजवळ साठून राहतो व तो सवडीने, थांबत थांबत किंवा पुन्हा पुन्हा ऐकता येतो. तथापि केवळ ध्वनिमुद्रण इंटरनेटवर ठेवले म्हणजे पॉडकास्ट झाला, असे मूळ अर्थाने म्हणता येत नाही. नव्या भागांची वर्दी देणारी, कोणासही वाचता येईल अशी खुली सूची हे या माध्यमाचे व्यवच्छेदक लक्षण होय. पॉडकास्टची वाढ आणि त्यासंबंधीचे बहुतेक वाद यांचे मूळ या सूचीच्या खुलेपणात आहे.

ॲपल या अमेरिकन कंपनीच्या ‘आयपॉड’ या खिशात मावणाऱ्या संगीतयंत्राचे नाव आणि प्रक्षेपण या अर्थाचा ‘ब्रॉडकास्ट’ हा इंग्रजी शब्द यांच्या संयोगातून ‘पॉडकास्ट’ हा शब्द बनला. बेन हॅमर्सली या पत्रकाराने १२ फेब्रुवारी २००४ रोजी गार्डियन या ब्रिटिश दैनिकातील लेखात या नव्या प्रकारासाठी जी काही नावे सुचविली, त्यांत ‘पॉडकास्टिंग’ हे एक होते. आयपॉड असल्याखेरीज हे कार्यक्रम ऐकता येत नाहीत असा गैरसमज या नावामुळे आरंभी पसरला होता; वस्तुतः कोणत्याही संगणकावर ते ऐकता येत असत. न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीने २००५ चा ‘वर्षातील शब्द’ म्हणून ‘पॉडकास्ट’ची निवड केली. मराठीतही हाच शब्द रूढ झाला आहे.

पूर्वपीठिका : ध्वनिमुद्रण संगणकाच्या जाळ्यातून पाठविण्यात मुख्य अडचण त्याच्या आकारमानाची होती. ध्वनितबकडीवरील म्हणजे सीडीवरील अंकीय ध्वनीला दर सेकंदास सु. १,४११ किलोबिट लागतात. म्हणजेच एका तासाचे मुद्रण सु. ६३५ मेगाबाइट भरते. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेतील कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्क व त्यांचे सहकारी यांच्या संशोधनातून सिद्ध झालेल्या एमपी-३ या संक्षेपणपद्धतीने ही अडचण बरीचशी दूर केली. मोठ्या आवाजाच्या लगतचा क्षीण आवाज मानवी कानाला जाणवत नाही. असे न जाणवणारे अंश वगळून उरलेला ध्वनी थोडक्यात नोंदविणे, हे या पद्धतीचे तत्त्व होय. ‘एमपी-३’ हे नाव १९९५ मध्ये निश्चित झाले. भाषणासाठी दर सेकंदास ६४ किलोबिट पुरेसे धरले, तर एका तासाचे मुद्रण सु. २९ मेगाबाइटमध्ये सामावते.

इंटरनेटवर नियमितपणे श्राव्य कार्यक्रम देण्याचा एक आद्य प्रयत्न अमेरिकेत कार्ल मॅलमुड यांनी १९९३ मध्ये ‘इंटरनेट टॉक रेडिओ’ या नावाने केला. संगणकतज्ज्ञांच्या साप्ताहिक मुलाखती ते ध्वनिधारिकांच्या म्हणजे ध्वनीच्या फाइलींच्या रूपात उपलब्ध करून देत. पुढे १९९५ मध्ये ‘रिअलऑडिओ’ ही प्रवाही प्रसारणाची पद्धत आली. तीत संपूर्ण धारिका उतरवून घेण्याची वाट न पाहता ऐकण्यास प्रारंभ करता येई. परंतु ऐकणे संपेपर्यंत जोडणी अखंड असावी लागे आणि ती मंद असल्यास आवाज तुटत असे. दूरध्वनीच्या तारेवरून चालणाऱ्या त्या काळच्या मोडेमचा कमाल वेग सेकंदास ५६ किलोबिट होता. त्यावरून एका तासाचे उपर्युक्त भाषण उतरवून घेण्यास तासाहून अधिक वेळ लागे. ‘ऐकण्यापूर्वी ताटकळणे’ हाच या प्रकारच्या श्रवणातील मोठा अडथळा होता.

तंत्राचा उदय : या अडथळ्यावरील उपाय वेग वाढविण्यात नसून वेळ बदलण्यात आहे, ही कल्पना ॲडम करी यांची होती. एमटीव्ही या संगीतवाहिनीवरील माजी निवेदक असलेल्या करी यांनी ऑक्टोबर २००० मध्ये न्यूयॉर्क येथे डेव्ह वायनर या आज्ञावलीकारांची भेट घेऊन ती मांडली. श्रोता झोपलेला असताना किंवा अन्य कामात असताना संगणकाने धारिका आपण होऊन उतरवून ठेवली, तर ऐकावयास बसल्यावर वाट पाहण्याचा प्रश्नच उरत नाही, असे तिचे सार होते. सूचीसोबत ध्वनिधारिका जोडण्याची सूचना त्रिस्तान लुई यांनीही त्याच महिन्यात केली होती.

याकरिता वायनर यांनी आरएसएस या सूचीपद्धतीचा उपयोग केला. संकेतस्थळावरील नव्या मजकुराची वर्दी देण्यासाठी नेटस्केप कंपनीने मार्च १९९९ मध्ये ही पद्धत प्रथम प्रसिद्ध केली होती. पुढे तिच्या नावातील आद्याक्षरांचा अर्थ ‘रिअली सिंपल सिंडिकेशन’, म्हणजे अगदी सोपे वितरण, असा लावण्यात आला. डिसेंबर २००० मधील ०·९२ या आवृत्तीत वायनर यांनी ‘एन्क्लोजर’ म्हणजे सहपत्र हा घटक समाविष्ट केला आणि जानेवारी २००१ मध्ये ग्रेटफुल डेड या अमेरिकन वाद्यवृंदाच्या गीताची धारिका जोडून त्याचे प्रात्यक्षिक दाखविले. आरएसएसची २·० ही आवृत्ती सप्टेंबर २००२ मध्ये निघाली. २००३ मध्ये तिच्या विनिर्देशाचे स्वामित्व हार्व्हर्ड विद्यापीठाच्या बर्कमन केंद्राकडे सोपविण्यात येऊन तो सर्वांना वापरासाठी खुला ठेवण्यात आला.

कार्यपद्धती : पॉडकास्टची सूची, अर्थात ‘फीड’, ही साध्या मजकुराची एक धारिका असते. तीत कार्यक्रमाचे नाव व वर्णन असून प्रत्येक भागाचे शीर्षक, दिनांक, ओळखक्रमांक तसेच ध्वनिधारिकेचा इंटरनेटवरील पत्ता, आकारमान व प्रकार यांची नोंद असते. श्रोत्याजवळची आज्ञावली ठराविक कालांतराने ही सूची पाहते आणि नवी नोंद आढळल्यास तिच्यातील पत्त्यावरून धारिका उतरवून घेते. निर्मात्याने काही पाठवावयाचे नसते. श्रोत्याची आज्ञावलीच ते मागून घेते. त्यामुळे श्रोत्यांची नावे वा पत्ते निर्मात्याला कळण्याची आवश्यकता राहत नाही.

नभोवाणीशी तुलना केल्यास या रचनेचे महत्त्व स्पष्ट होते. नभोवाणीच्या प्रक्षेपणास कंप्रतापट्टा लागतो. एका प्रदेशात उपलब्ध कंप्रता मोजक्याच असल्याने त्यांचे वाटप शासनाला करावे लागते आणि वाटपाबरोबर परवाना, शुल्क व निर्बंध ओघानेच येतात. फीडला कंप्रता लागत नाही व तिच्या संख्येलाही मर्यादा नाही. कार्यक्रमांची नामावली ठेवणारी कंपनी, धारिका साठविणारी कंपनी आणि ऐकण्याची आज्ञावली बनविणारी कंपनी या तिन्ही वेगवेगळ्या असू शकतात. त्यांपैकी एकीने व्यवहार थांबविला, तरी सूचीचा पत्ता ठाऊक असलेल्या श्रोत्याला कार्यक्रम मिळत राहतो.

प्रसार : बोस्टनमधील नभोवाणी-पत्रकार ख्रिस्तोफर लायडन यांनी वायनर यांच्या सहकार्याने जुलै २००३ पासून आपल्या मुलाखती ध्वनिधारिकांच्या रूपाने प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. आजच्या अर्थाने ज्यांना पॉडकास्ट म्हणता येईल, अशा पहिल्या कार्यक्रमांत त्यांची गणना होते. धारिका आयपॉडमध्ये आपोआप भरणारी ‘आयपॉडर’ ही आज्ञावली २००४ मध्ये करी यांच्या पुढाकाराने तयार झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी ‘डेली सोर्स कोड’ हा आपला कार्यक्रम सुरू केला. बीबीसीने मेल्व्हिन ब्रॅग यांचा ‘इन अवर टाइम’ हा विचारेतिहासविषयक कार्यक्रम नोव्हेंबर २००४ मध्ये या पद्धतीने उपलब्ध करून दिला.

ॲपलने २८ जून २००५ रोजी आपल्या आयट्यून्स या आज्ञावलीत पॉडकास्टचा समावेश केला. प्रारंभीच्या नामावलीत ३,००० हून अधिक कार्यक्रम होते आणि पहिल्या दोन दिवसांत दहा लाखांहून अधिक नोंदण्या झाल्याचे कंपनीने जाहीर केले. या नामावलीत ॲपल केवळ सूचींचे पत्ते ठेवीत असे. ध्वनिधारिका निर्मात्यांकडेच राहत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गार्डियनच्या संकेतस्थळावरून सुरू झालेल्या रिकी जर्व्हेस या विनोदकाराच्या कार्यक्रमाने सर्वाधिक उतरवून घेतलेला पॉडकास्ट म्हणून गिनेस विक्रमांत स्थान मिळविले.

या पहिल्या उत्साहानंतरची काही वर्षे वाढ संथ होती. एडिसन रिसर्च या संस्थेच्या पाहणीनुसार अमेरिकेतील १२ वर्षांवरील व्यक्तींपैकी महिन्यातून एकदा तरी पॉडकास्ट ऐकणाऱ्यांचे प्रमाण २००८ मध्ये ९ टक्के होते. २०१३ मध्ये ते जेमतेम १२ टक्क्यांवर पोहोचले. कार्यक्रम संगणकावर उतरवून घ्यावयाचा आणि मग तारेने जोडून संगीतयंत्रात भरावयाचा, ही खटपट सर्वसामान्य श्रोत्याला नकोशी वाटे. आयफोन २००७ मध्ये बाजारात आल्यानंतर आज्ञावली, धारिका व जोडणी ही एकाच उपकरणात एकत्र आली. ॲपलने २०१२ मध्ये पॉडकास्टसाठी स्वतंत्र ॲप काढले व २०१४ पासून ते प्रत्येक आयफोनमध्ये मुळातच घालून देण्यास सुरुवात केली.

त्याच सुमारास, ३ ऑक्टोबर २०१४ रोजी, सेरा केनिग यांच्या ‘सीरियल’ या मालिकेचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. बॉल्टिमोर येथे १९९९ मध्ये झालेल्या एका शालेय विद्यार्थिनीच्या खुनाच्या खटल्याची फेरतपासणी तीत बारा भागांमधून केली होती. ही मालिका जगभर ऐकली गेली आणि तिला प्रतिष्ठेचा पीबडी पुरस्कार मिळाला. पॉडकास्टला हा पुरस्कार मिळण्याचा तो पहिलाच प्रसंग होय. ‘द डेली’ ही न्यूयॉर्क टाइम्सची दैनंदिन मालिका फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाली. पत्रकारितेच्या पुलित्झर पुरस्कारांत २०२० पासून श्राव्य वार्तांकनाचा स्वतंत्र विभाग आला. अमेरिकेतील मासिक श्रोत्यांचे उपर्युक्त प्रमाण २०१९ मध्ये ३२ टक्के, तर २०२४ मध्ये ४७ टक्के झाले होते.

एकस्वाचा वाद : पॉडकास्टचे तंत्र कोणाच्याही मालकीचे नाही, हे गृहीत २०१३ मध्ये एकाएकी संशयास्पद ठरले. टेक्सस राज्यातील पर्सनल ऑडिओ या कंपनीने १९९६ मधील मूळ अर्जावर आधारलेल्या व २०१२ मध्ये मंजूर झालेल्या एकस्वाच्या म्हणजे पेटंटच्या आधारे पॉडकास्टच्या निर्मात्यांकडे परवानाशुल्काची मागणी केली आणि काहींवर दावेही लावले. इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन या संस्थेने लोकवर्गणी जमवून ऑक्टोबर २०१३ मध्ये या एकस्वाला आव्हान दिले. भागशः प्रसिद्ध होणारे श्राव्य कार्यक्रम इंटरनेटवर त्यापूर्वीच अस्तित्वात होते, हे दाखविण्यासाठी मॅलमुड यांच्या १९९३ च्या मुलाखती तसेच सीएनएन व कॅनडातील सीबीसी यांचे प्रारंभीचे उपक्रम पुढे ठेवण्यात आले. अमेरिकेच्या एकस्व कार्यालयाने एप्रिल २०१५ मध्ये वादग्रस्त दावे रद्द ठरविले. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला व २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालण्यास नकार दिला. निर्णय उलट झाला असता, तर घरबसल्या कार्यक्रम करणाऱ्या हौशी निर्मात्यालाही परवाना घ्यावा लागला असता.

अर्थव्यवहार आणि केंद्रीकरण : पॉडकास्टचे उत्पन्न मुख्यतः जाहिराती, श्रोत्यांची वर्गणी आणि सशुल्क सदस्यत्व यांतून येते. आरंभी निवेदक स्वतःच जाहिरात वाचून दाखवीत व ती ध्वनिमुद्रणाचाच कायम भाग होई. पुढे धारिका उतरविली जात असताना श्रोत्याचे ठिकाण व दिनांक पाहून जाहिरात घालण्याचे तंत्र आले. अमेरिकेतील पॉडकास्टच्या जाहिरातींचे उत्पन्न २०१७ मध्ये सु. ३१ कोटी डॉलर होते, ते २०२४ मध्ये सु. २४० कोटी डॉलरवर गेले. धारिका उतरविल्याची नोंद म्हणजे ती ऐकल्याचा पुरावा नव्हे, ही मात्र मोजणीतील मूलभूत उणीव आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये ॲपलने न ऐकलेल्या मालिकांचे भाग आपोआप उतरविण्याच्या पद्धतीत बदल करताच अनेक कार्यक्रमांचे आकडे घटले. प्रत्यक्ष श्रोते त्या प्रमाणात घटले असे यावरून अनुमान काढता येत नाही.

पैशाबरोबर केंद्रीकरणाची प्रवृत्तीही आली. स्वीडनमधील स्पॉटिफाय कंपनीने २०१९ मध्ये गिम्लेट व पारकास्ट या निर्मितीसंस्था आणि अँकर ही ध्वनिमुद्रण-वितरण सेवा विकत घेतली. जो रोगन यांचा २००९ पासून चालू असलेला व अतिशय लोकप्रिय असा संभाषणाचा कार्यक्रम २०२० मधील करारानुसार केवळ स्पॉटिफायवरच ऐकता येऊ लागला. खुली फीड काढून घेतलेल्या अशा कार्यक्रमास पॉडकास्ट म्हणावे काय, हा प्रश्न त्यातून उद्भवला. फेब्रुवारी २०२४ मधील नव्या कराराने हे बंधन सैल करण्यात आले. मर्यादित श्रोत्यांपुरत्या जाहिरातींपेक्षा सर्वत्र पोहोचण्यात अधिक लाभ आहे, असा अनुभव त्यामागे असावा. गूगलचे २०१८ मध्ये आलेले पॉडकास्ट ॲप २०२४ मध्ये बंद झाले, त्या वेळी श्रोत्यांना आपल्या नोंदण्या एका सूचीच्या रूपात अन्य ॲपमध्ये नेता आल्या. बंदिस्त व्यवस्थेत ही सोय सामान्यतः नसते.

दुसरा प्रवाह चित्रफितींचा आहे. यूट्यूबने फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्यावरील पॉडकास्टचा आस्वाद दरमहा शंभर कोटींहून अधिक लोक घेत असल्याचे जाहीर केले. तेथे कार्यक्रम कंपनीच्याच संगणकांवर असतो, त्याची शिफारस कंपनीची गणितीय पद्धती करते आणि तो काढून टाकण्याचा अधिकारही तिच्याकडे राहतो. निर्मात्याला घरबसल्या मोठा श्रोतृवर्ग मिळतो हा त्याचा लाभ. परंतु श्रोत्याशी असलेला थेट संबंध त्यात उरत नाही. या पार्श्वभूमीवर करी व डेव्ह जोन्स यांनी २०२० मध्ये ‘पॉडकास्ट इंडेक्स’ ही सर्वांना मुक्त असलेली नामावली सुरू केली. खुल्या पद्धतीलाही उणिवा आहेत. साठवणीचे शुल्क थकले किंवा निर्माता निवर्तला म्हणजे धारिका नाहीशा होतात. त्यांचे जतन करणे ही कोणाचीच नियत जबाबदारी नसते.

भारतातील स्थिती : भारतात नभोवाणी दीर्घकाळ शासनाच्या हाती होती. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला आणि २००१ पासून खासगी एफएम केंद्रे सुरू झाली. तथापि त्यांना स्वतःची बातमीपत्रे देण्यास मनाई होती. २०११ च्या धोरणानेही आकाशवाणीचे बातमीपत्र फेरफार न करता पुनःप्रक्षेपित करण्याचीच सवलत दिली. परवान्यासाठी लिलावात मोजलेली रक्कम भरून काढण्याकरिता ही केंद्रे प्रामुख्याने चित्रपटसंगीताकडे वळली. चालू घडामोडी, इतिहास, अर्थकारण इत्यादींवरील दीर्घ श्राव्य चर्चेला त्यामुळे आकाशवाणीबाहेर जागा नव्हती. ती जागा पॉडकास्टने काही अंशी भरून काढली.

‘इंडिकास्ट’ हा २००५ मधील कार्यक्रम भारतीय पॉडकास्टच्या अगदी आरंभीच्या प्रयत्नांपैकी होय. मुंबईत अमित दोशी यांनी २०१५ मध्ये आयव्हीएम पॉडकास्ट्स ही संस्था स्थापन केली. अमित वर्मा यांचा ‘द सीन अँड द अनसीन’ हा २०१७ मध्ये सुरू झालेला इंग्रजी कार्यक्रम कित्येक तास चालणाऱ्या मुलाखतींसाठी प्रसिद्ध आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओची सेवा सुरू झाल्यानंतर भ्रमणध्वनीवरील इंटरनेटचे दर झपाट्याने उतरले, ही या प्रसारातील निर्णायक घटना ठरली. भारतीय भाषांतील श्राव्य साहित्य देणारी कुकू एफएमसारखी ॲप त्यानंतरच्या काळातील आहेत.

पॉडकास्टला भारतात परवाना लागत नाही. मात्र २५ फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी बातम्या व चालू घडामोडींच्या अंकीय प्रकाशकांसाठी नीतिसंहिता घालून दिली. तिच्या पालनासंबंधीच्या नियम ९ मधील पोटनियम १ व ३ यांना मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये अंतरिम स्थगिती दिली. बदनामी, स्वामित्वहक्क इत्यादींसंबंधीचे सर्वसाधारण कायदे पॉडकास्टलाही लागू आहेत.

मराठीत कीर्तन, व्याख्यानमाला व नभोनाट्य यांमुळे श्रवणाची परंपरा जुनी आहे. बीबीसी मराठीने ‘तीन गोष्टी’ व ‘गोष्ट दुनियेची’ यांसारख्या वृत्तविषयक मालिका सादर केल्या. ‘अमुक तमुक’सारखे संभाषणाचे मराठी कार्यक्रम ध्वनी आणि चित्रफीत अशा दोन्ही रूपांत प्रसृत होतात. एफएम केंद्राला आपला खर्च एकाच शहरातील श्रोत्यांवर भागवावा लागतो. फीडच्या बाबतीत नागपूर, पणजी, बडोदे व न्यू जर्सी येथील मराठी श्रोता सारख्याच अंतरावर असतो, म्हणून विखुरलेल्या थोड्या श्रोत्यांवरही कार्यक्रम तग धरू शकतो. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी यांसारख्या बोलींच्या दृष्टीने ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. कारण कोणत्या बोलीत बोलावे हे येथे केंद्राने किंवा जाहिरातदाराने ठरवावयाचे नसते. अशा लहान कार्यक्रमांचे भवितव्य एखाद्या कंपनीच्या शिफारशीवर अवलंबून राहू नये, यासाठी खुली फीड टिकून राहणे आवश्यक आहे. चित्रफीत यूट्यूबवर देणाऱ्या निर्मात्यांनाही त्याच कार्यक्रमाची ध्वनिधारिका स्वतंत्र फीडद्वारे उपलब्ध ठेवता येते आणि मूळ ध्वनिमुद्रणाची एक प्रत आपल्यापाशी जपून ठेवता येते.